ए साइडवरचे ते वीस सेकंद : कुणाला ओळखता येतील का?

कौलारू
म्हापशाकडच्या आमच्या जुन्या घराची कौलं पावसाआधी परतायला काढली होती. माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत ११ कॅसेटी, एक तुटकी पेन्सिल आणि झुरळांची बरीचशी इस्टेट. भाऊ म्हणाला, टाकून दे, सगळी गाणी फोनवर आहेत. खरंच आहेत. तरी मी डबा पर्वरीला घेऊन आलो.

या कॅसेटी विकतच्या नाहीत, बाबांनी भरलेल्या आहेत. आमच्याकडे टू-इन-वन नव्हता. लाकडी पेटीचा रेडिओ होता आणि एका मामाने बहारीनहून आणलेला चपटा टेपरेकॉर्डर. रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेसाठी बुधवारी रात्री आठच्या आधी बाबा रेडिओ स्टुलावर ठेवत आणि त्याच्या तोंडासमोर टेपरेकॉर्डर. प्ले आणि रेकॉर्ड ही दोन बटणं एकदम दाबायची. मग तासभर घरात कर्फ्यू. आजीने खोकायचं नाही, आईने स्वयंपाकघरात भांडं आदळायचं नाही, कुत्र्याला आधीच मागच्या दारी बांधलेलं. माझं काम एकच. जाहिरात लागली की पॉज दाबायचं आणि गाणं सुरू व्हायच्या आत सोडायचं. मी तेव्हा ११ वर्षांचा. या कामात माझा हात कुणी धरत नसे.

दहा कॅसेटींवर म्हणून एकही जाहिरात नाही. अकरावीवर बाबांच्या अक्षरात ‘बिनाका, जाने. ८६’ असं लिहिलंय. तिच्या ए साइडला मधेच सलग तीन जाहिराती राहून गेल्यात. त्या दिवशी पॉज बटण अडकलं होतं. बाबांनी दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर म्हापशाला दुरुस्तीला नेला, तर मेकॅनिकने ‘काही बिघाड नाही’ म्हणून परत पाठवला. बाबा त्या माणसावर जे रागावले ते कायमचे. पुढे इस्त्री बिघडली तरी तिथे नेली नाही.

तर गंमत अशी, की आता मी गाणी पुढे ढकलतो आणि त्या तीन जाहिराती ऐकतो. एक टूथपेस्टची, एक डोकेदुखीच्या गोळीची. तिसरी मात्र कळत नाही. सिलोनचा आवाज नेहमीसारखा खोल विहिरीत जातो आणि त्या खोलीतून एक चाल वर येते. क्लॅरिनेटसारखं काहीतरी, खाली ढोलकी की ड्रम. मग एक पुरुष तीनदा म्हणतो, ‘आया... आया... आया’. पुढचं अस्पष्ट. एकूण २० सेकंद. नंतर गीतमालेचे निवेदक अमीन सायानी परत येतात, जणू काही झालंच नाही.

‘नया अमुक आया’ छापाची, १९८६ च्या आसपासची कुठली हिंदी जाहिरात होती? साबण, बॅटरी, बिडी, काहीही सांगा. आणि त्या निमित्ताने तुमच्या डोक्यात अडकलेल्या जाहिरातीही येऊ द्या.

फेरीबोट
पहिला नंबर माझा!
बिडी नक्की नाही. बिडीवाले इतका खर्च क्लॅरिनेटवर करत नसत.

आबोली७१
काय धागा काढलात! माझं माहेर फोंड्याचं. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या भाटकारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे होता. त्यांच्या ओसरीवर आम्ही बारा पोरं आणि दारात उभ्या चार बायका. बायका आत येऊन बसत नसत, ‘आमी हांगाच बऱ्यो’ म्हणत उभ्याने अख्खा सिनेमा बघत.

माझ्या आईची लाडकी म्हणजे ललिताजी. अॅलेक पदमसींची ती सर्फची जाहिरात, कविता चौधरीने केलेली. पुढे ‘उडान’ मालिका आली तेव्हा आई म्हणाली, ‘बघ, ललिताजी पोलिसात लागली.’ बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करताना आई अगदी त्याच सुरात ‘सस्ती चीज और अच्छी चीज’चा फरक समजावायची. भाजीवाला बेळगावचा, त्याला काही फरक पडत नसे.

आणि घरात धुण्याची पावडर कुठली? निर्मा. पगारात बसायची तीच. पावडर पिवळी, संवाद निळ्या पुड्याचे. जाहिरातीला आईने इतका मान दिला, फक्त पैसे दिले नाहीत.

नव्वदोत्तरी
ज्येष्ठांनो, माफ करा, पण खरं दशक नव्वदचं! माझा जन्म ८४ चा. केबलवाल्याने आमच्या वाड्यावर माडावरून माडावर वायर नेली होती. पाडेकरी नारळ पाडायला चढला की हमखास चॅनल व्ही जायचा. १९९५ ला ‘मेड इन इंडिया’ आलं तेव्हा मिलिंद सोमण बघायला आमची मावशी जेवण टाकून यायची. तुमच्या खरखरत्या सिलोनमध्ये काय होतं सांगा बघू.

फेरीबोट
@नव्वदोत्तरी, बाबा रे, चॅनल व्हीच्या आधीच गोंयकार पडद्यावर पोचला होता. १९९० साली पेप्सी भारतात आली. परदेशी नाव नुसतं चालत नव्हतं म्हणून ‘लेहर पेप्सी’ असं बारसं झालं. त्या पहिल्या जाहिरातीत जुही चावलाबरोबर कोण होता? रेमो फर्नांडिस! पणजीत जन्मलेला, शिवोलीचा. त्याआधी १९८४ साली त्याने ‘गोवन क्रेझी’ घरातच रेकॉर्ड केली, वाद्यंही स्वतःच वाजवली, आणि कॅसेट स्वतःच विकली.

मला आठवतं, ती जाहिरात लागली की आमच्या वाड्यावर ‘आमचो रेमो, आमचो रेमो’ अशी ओरड व्हायची. पेप्सी पहिल्यांदा प्यालो ते त्यानंतर वर्षभराने, चौघांत एक बाटली.

पिंपळपार
इथे जरा खरं बोलू का? मी डिचोलीचा. ८५ ते ८७ चा काळ म्हणजे कोंकणी की मराठी हा राजभाषेचा वाद. गावात भिंती रंगलेल्या, घराघरात तट पडलेले. आमच्या मराठी घरात रेमो ‘आमचो’ वगैरे काही नव्हता. कोंकणी गाणारे लोर्ना, आल्फ्रेड रोझ, रेमो ही ‘त्यांची’ गाणी आणि नाट्यगीत, भावगीत ती ‘आपली’. असं कुणी फळ्यावर लिहून ठेवलं नव्हतं, पण रेडिओची कळ कुठे थांबते त्यावरून मुलांना कळायचं. शिवाय रेमो त्यातलं बरंचसं इंग्रजीत गाणारा, म्हणजे दुप्पट परका.

आणि डिचोली–पणजी खाजगी बसमध्ये? ड्रायव्हरच्या डोक्यावर टेप आणि मागे दोन खोक्यांएवढे स्पीकर. डिचोलीला बसलो की अभंग, अर्ध्या वाटेवर पोचेपर्यंत लोर्ना, पणजी जवळ आली की मिथुन. बसभर माणसं माना डोलवत बसलेली, तुमची-आमची सगळी. मग घरी उतरलो की परत आपापली कळ.

पेप्सीच्या जाहिरातीने मात्र एक केलं. रेमो हिंदी टीव्हीवर दिसला, आणि आमच्या काकांनी त्याला त्या दिवसापासून ‘गोव्याचा मुलगा’ म्हणायला सुरुवात केली. मुंबईने शिक्का मारला की मग आपलं. हे मला तेव्हाही खटकलं होतं.

मडगावची सून
@पिंपळपार, प्रतिसाद आवडला. मी मूळची पुण्याची. लग्न होऊन १९९५ ला मडगावला आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लोर्ना वीसेक वर्षांच्या मौनानंतर परत गायला लागली. आमच्या गल्लीत एका बाजूला मराठी घरं, एका बाजूला ख्रिस्ती. त्या नाताळात दोन्हीकडून तोच आवाज. मला शब्द कळत नव्हते. सासूबाई, ज्यांनी जन्मभर फक्त रामदास कामत ऐकले, त्या कांदा चिरताना म्हणाल्या, ‘हिचा आवाज म्हणजे दारू गो, वास नसलेली.’ सासूबाईंच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वात धाडसी वाक्य.

कौलारू, जाहिरात ओळखता येत नाही. सॉरी.

जुनावळ
उशिरा पाहिला धागा. वय ७६, त्यामुळे काही दुरुस्त्या करण्याचा हक्क बजावतो.

एक. १९८६ साली ‘बिनाका’ नव्हतं, ‘सिबाका’ झालं होतं. कौलारूंच्या बाबांनी बिनाका लिहिलं ते बरोबरच केलं म्हणा, सगळे बिनाकाच म्हणत. माझा धाकटा भाऊ जुन्या गोव्याच्या पुढे बिनाकावाल्या सिबा कंपनीच्या कारखान्यात होता. त्याला लोक विचारत, ‘अमीन सायानीला भेटलास काय रे?’ तो बिचारा रंगाच्या विभागात.

दोन. सिलोनच का, हे नव्या लोकांना माहीत नसेल. १९५२ मध्ये गीतमाला सुरू झाली तेव्हा आकाशवाणीवर सिनेसंगीताला जवळजवळ दार बंद होतं, केसकर मंत्री होते. जाहिराती तर नव्हत्याच. विविध भारतीवर त्या आल्या १९६७ साली. म्हणजे पंधरा वर्षं गाणं आणि जाहिरात ही दोन्ही वाह्यात पोरं एकाच दाराने घरात येत होती, समुद्रापलीकडून. त्यामुळे आमच्या पिढीच्या डोक्यात ती जुळीच आहेत. तुम्ही पॉज दाबून त्यांची ताटातूट केलीत.

आणि आमच्या गोव्यात १९६१ पर्यंत तर एमिसोरा द गोवा, पोर्तुगिजांचं रेडिओ केंद्र. वडील त्यावरचे मांडो ऐकत आणि आवाज बारीक करून मुंबई लावत. मुक्तीनंतर त्याचंच आकाशवाणी पणजी झालं.

तीन. हे आमचं, ते त्यांचं, असं पिंपळपार म्हणतात ते खरं आहे. पण जाहिरातींचं संगीत करणारे लोक ही कुंपणं कधीच उडवून मोकळे झाले होते. १९७५ मध्ये धबधब्याखाली न्हाणाऱ्या मुलीची लिरिलची जाहिरात आली. ती ‘ला ला ला’ कुणाची? वनराज भाटियांची. त्याच वनराज भाटियांनी दहा वर्षांनी ‘त्रिकाल’ला संगीत दिलं, आपल्या लोटलीत चित्रित झालेल्या सिनेमाला, आणि त्यात गायला कोण? रेमो. ‘हमारा बजाज’ लुई बँक्सचं, १९८९. ‘मिले सुर’ १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी लागलं, त्यामागे लुई बँक्स आणि आपले अशोक पत्की. पत्कींनी जिंगल्स किती केल्या त्याची गणतीच नाही. आणि त्यांना उत्कृष्ट संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो कोंकणी चित्रपटासाठी, ‘अंतर्नाद’. मराठी माणूस, हिंदी जिंगल, कोंकणी पुरस्कार. आता लावा कुंपण.

चार. ती तिसरी जाहिरात मला ठाऊक नाही, आणि गीतमाला मी फारशी चुकवत नसे.

फेरीबोट
आजोबा, दंडवत. ‘आता लावा कुंपण’ला टाळ्या.

अवांतर : लिम्काची खरी जाहिरात गोव्यात उर्राकाने, म्हणजे काजूच्या दारूने केली. एप्रिल-मेमध्ये उर्राक, लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. मुंबईच्या कुठल्याही एजन्सीला हे सुचलं नसतं. कंपनीने आमच्या भाटातल्या काजूंना कमिशन द्यायला हवं होतं.

आबोली७१
अवांतरात माझीही भर. गोल्ड स्पॉटच्या बुचांच्या आत चित्रं असत, जंगलातल्या प्राण्यांची. माझा भाऊ जत्रेत सोड्याच्या दुकानामागे पालथा पडून बुचं वेचायचा. त्याच्या खिशांना कायम संत्र्याचा वास. आईने एकदा शर्टासकट बुचं धुतली आणि तो दोन दिवस जेवला नाही.

बिनाकाच्या पेटीत प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी येत ते कुणाला आठवतात? आमच्याकडे हत्ती तीन आणि जिराफ शून्य. पेस्ट संपावी म्हणून आम्ही दिवसातून चारदा दात घासायचो. दंतवैद्याला जमलं नसतं ते त्या जिराफाने केलं.

दोन नंबर ट्रॅक
नमस्कार. मी साउंडचं काम करतो, पणजीत. वय ३१, त्यामुळे आठवणी शून्य, पण कॅसेट वाचवण्याबद्दल चार गोष्टी सांगतो.

कौलारू काका, आता ती कॅसेट पुन्हा वाजवू नका. आपल्या हवेत टेपला बुरशी धरते, पांढरी पावडर दिसेल. ती प्लेयरच्या हेडला लागते आणि मग पुढच्या दहाही कॅसेटी खराब होतात. आधी हेड आणि रबरी चाक स्पिरिटने पुसा. कॅसेटीच्या तोंडाशी स्पंजचा छोटा तुकडा असतो तो निखळलाय का बघा. कॅसेटीच्या पाठीवरची दोन प्लॅस्टिकची नखं मोडलेली नसतील तर मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. (टेप आहे ३.८१ मिलिमीटर रुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर धावते. तुमचे ते वीस सेकंद म्हणजे जेमतेम मीटरभर टेप. जपा.) शेवटी हेडचा तो छोटा स्क्रू हळूहळू फिरवत ऐकायचं. जिथे ‘स’ आणि ‘श’ चकचकीत होतात तिथे थांबायचं. बाबांच्या टेपरेकॉर्डरचं हेड जरा तिरकं असणार, तेवढंच तिरकं तुमचं करायचं.

आता एक शंका. तुम्ही म्हणता रेकॉर्डिंग माइकने झालंय, वायरने नाही. त्या चपट्या रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असे. समोरचा आवाज मोठा असला की माइक कान मिटून घेतो. आवाज पडला की कान मोठे करतो. सिलोन विहिरीत गेलं तेव्हा माइकने कान मोठे केले असतील, तर त्या वेळी घरातलं आणि बाहेरचंही टेपवर आलं असेल. त्या २० सेकंदांत आणखी काय ऐकू येतं? रातकिडे? भांडी?

कौलारू
@दोन नंबर ट्रॅक, बरोबर! आत्ता आठवून पाहिलं. त्याच वेळी कुत्रा भुंकतो. मला वाटलं होतं, तो नेहमीच भुंकतो. नखं मोडलेलीच आहेत. बाबा भरून झालं की लगेच मोडत आणि पश्चात्ताप झाला की वर कागद चिकटवत.

आबोली७१
थांबा थांबा थांबा. ‘आया’ नाही हो ते! ‘या, या, या’ आहे!

पिंपळपार
अगदी. सिलोनवर मराठी जाहिरात येणार कुठून? ती जीप आहे, कौलारू. नाटकाची जीप.

जानेवारी, म्हणजे जत्रांचे दिवस. जीपच्या टपावर मागे-पुढे दोन कर्णे बांधलेले. आधी तबकडी किंवा कॅसेट लावायची, बँडची चाल किंवा मागल्या वर्षीचं सिनेमाचं गाणं. मग ती खाली आणून निवेदक सुरू. ‘रसिकहो! आज रात्रौ ठीक साडेनऊ वाजता, देवळाच्या प्रांगणात, भव्य रंगमंचावर...’ आमच्याकडचा निवेदक शाळेत शिपाई होता. दिवसा कुणी त्याला विचारत नसे, पण जत्रेच्या आठवड्यात कर्ण्यातून ‘रात्रौ’ म्हणायचा तेव्हा हेडमास्तरही खिडकीत येत. आणि शेवटी ठरलेलं, ‘या, या आणि याच!’

जीपच्या मागून एक पोरगा हँडबिलं उधळत जायचा. पातळ गुलाबी नाहीतर पिवळा कागद, शाई हाताला लागणारी. नाटकाचं नाव ठळक, मग ‘मुंबईची सुप्रसिद्ध नटी’, आणि खाली गावातल्या भूमिका करणाऱ्यांची नावं. त्यात एखादं नाव चुकून राहिलं की पुढे वर्षभर भांडण. आम्ही धुळीत धावायचो. एकेकाकडे तीस-चाळीस. उपयोग काय, तर काहीच नाही. होड्या, पतंगाची शेपूट, भूमितीचं रफ. पण कमी मिळाली तर रडू यायचं.

ललिताजी, लिरिल वगैरे ठीक आहे हो. मला विचाराल तर आमच्या बालपणीची सर्वात जबरदस्त जाहिरात म्हणजे ती जीप. टीव्हीवरची जाहिरात आपल्या घरी यायची. हिच्यासाठी आपण घर सोडून धावायचो.

नव्वदोत्तरी
शब्द मागे घेतो. चॅनल व्हीच्या मागे मी कधी अनवाणी धावलो नाही.

मडगावची सून
पण जीप सिनेमाची पण असू शकते ना? आमच्याकडे विशांत थिएटरला नवा सिनेमा लागला की रिक्षा फिरायची.

पिंपळपार
असू शकते. पण रात्री आठनंतर सिनेमाची रिक्षा गावात कशाला येईल? शेवटच्या खेळाला म्हापशाला जायला बस कुठे होती! त्याच रात्रीच्या नाटकाला लोकांना बाहेर काढणारी जीपच असणार ही.

दोन नंबर ट्रॅक
कौलारू काका, फाइल मिळाली. हेडचा कोन तुम्ही छान लावलाय, शाबास. मी फक्त खरखर थोडी कमी केली, जास्त करत नाही, त्याने आवाजाचं हाडच जातं.

ऐकू येतं ते असं : ‘...त्रेनिमित्त... ठीक साडेनऊ... स्त्री पार्टी मुंबईची... या, या, या...’ नाटकाचं नाव भुंकण्यात गेलं. कुत्र्याने नेमकं तेच खाल्लं.

पण मला दुसरं काहीतरी सापडलंय आणि सांगावं की नाही असा प्रश्न पडलाय. पॉज दाबलं-सोडलं की टेपवर बारीक ‘टक’ येतो. तुमच्या ए साइडला पहिल्या १७ मिनिटांत असे सहा ‘टक’ आहेत, अगदी वेळेवर. हात खरंच चांगला होता तुमचा. मग त्या तीन जाहिराती, ‘टक’ नाही. आणि २४ व्या मिनिटापासून पुन्हा ‘टक’, शेवटपर्यंत.

अडकलेलं बटण सात मिनिटांनी आपोआप सुटून परत नीट चालायला लागतं का? माझ्या अनुभवात तरी नाही.

आणखी एक. जीपचा आवाज सुरू झाल्यावर दोन सेकंदांनी माइकच्या अगदी जवळ स्टूल सरकल्याचा आवाज, मग सपाता, फट फट फट, लांब जाणाऱ्या. दाराची कडी. आणि एक माणूस दबक्या आवाजात ‘अरे–’ एवढंच म्हणून गप्प होतो. रेकॉर्डिंग चालू होतं ना.

फेरीबोट
अयाया! कौलारूबाब, हजर व्हा. कोर्ट बसलंय.

आबोली७१
हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. किती हँडबिलं मिळाली होती?

कौलारू
दोन दिवस इथे तोंड दाखवलं नाही, क्षमस्व.

फाइल रात्री हेडफोन लावून चारदा ऐकली. सपाता माझ्याच. देवाशप्पथ सांगतो, हे मला आठवत नव्हतं. पॉज अडकलं हे मी बाबांना सांगितलं असणार, आणि सांगता सांगता माझंच मला खरं वाटायला लागलं असणार. चाळीस वर्षं मीच ती गोष्ट लोकांना सांगतोय, या धाग्यावरही पहिल्याच पोस्टीत सांगितली. हँडबिलांचं काही आठवत नाही, आबोलीताई. डब्यात तरी एकही नाही.

बाबा ८३ वर्षांचे आहेत. ऐकायला कमी येतं, पण हेडफोन लावला की येतं. ऐकवू का नको? घरात मतभेद आहेत. बायको म्हणते ऐकव, भाऊ म्हणतो मार खाशील.

जुनावळ
ऐकवा. त्यांनी ‘अरे–’ गिळलं ते रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून. एवढा संयम दाखवलेल्या माणसाला निकाल कळायला हवा.

पिंपळपार
+१. आणि नाटकाचं नाव त्यांना आठवत असेल तर तेही विचारा.

कौलारू
काल रविवारी ऐकवलं. बाबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, गाण्यासकट. मध्येच ‘आई’ म्हणाले. मला कळेना. मग म्हणाले, त्या गाण्याच्या शेवटी तुझी आजी खोकली बघ, मी तेव्हा तिला बोललो होतो. मी ते कधी ऐकलंच नव्हतं. पुन्हा लावून बघितलं. खोकते.

नाटकाचं नाव त्यांना लगेच आठवलं नाही. स्त्री पार्टी करणारी मुंबईची बाई मात्र आठवली, तिचा टांगा... म्हणजे रिक्षा, आमच्याच दारात बंद पडली होती म्हणे, आणि तिने आमच्या ओसरीवर बसून चहा घेतला होता. आईला विचारलं तर म्हणाली, चहा नव्हे, सोलकढी. हा वाद अजून चालू आहे.

मग मी सपातांची जागा लावली. दोनदा ऐकली. हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले, ‘म्हणजे तो मेकॅनिक खरं बोलत होता.’

मी म्हटलं, होय.

‘तीस रुपयांची इस्त्री मी पणजीला नेऊन दुरुस्त केली. बसभाडं धरून.’

आता संध्याकाळी त्यांना म्हापशाला घेऊन जायचंय, मेकॅनिक आहे का बघायला. मी सांगून पाहिलं की त्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. म्हणाले, कव्हरवाल्याला विचारू, त्याला ठाऊक असेल.

फेरीबोट
बी साइडवर काय आहे?

कौलारू
आरत्या. पॉज अगदी वेळेवर.